आपलावाला राजपुत्र निघाला

मी वाचता वाचता थांबले, तेव्हा सगळ्यांना वाटलं माझा घसा सुकला. चहावाल्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. मला पाणी नको होतं. पुढच्या चौकटीत एक महाल जळत होता आणि खाली लिहिलं होतं, की हा महाल त्याच्या वडिलांचा.

"आगे पढ़ो ना दीदी," मेडिकल दुकानवाला म्हणाला. "फिर क्या हुआ?"

काय झालं ते मला दिसत होतं. फक्त माझ्या तोंडून निघत नव्हतं.

तो कोण, ते आधी सांगते. हिंदी कॉमिक्समधला नायक. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून तो निघतो आहे, मध्ये काही वर्षं बंद पडला, पुन्हा सुरू झाला. काळा मुखवटा, साधा सदरा, आणि तापलेली कोणतीही वस्तू तो नुसत्या हाताने धरू शकतो. बस, एवढीच त्याची शक्ती. उडत नाही, गायब होत नाही. आमच्या सेक्टर दोनच्या क्वार्टरांच्या लाइनीत त्याला छापील नावाने कोणी बोलावत नसे. आम्ही त्याला 'आपलावाला' म्हणायचो. बाकीचे नायक लोकांचे, हा आपलावाला.

त्याला कारण होतं. तो कुठून आला, त्याचे आईबाप कोण, हे कॉमिक्समध्ये कधीच सांगितलं नव्हतं. पहिल्याच अंकात तो मोठा झालेला, एका गच्चीवर उभा. वर चंद्र आहे आणि मागचं आभाळ नारिंगी. एका खलनायकाने त्याला विचारलं, तू कुठला? तो म्हणाला, जिथे रात्र काळी नसते तिथला.

आता भिलाईच्या पोराला यात काय कोडं आहे? आमच्याकडे रात्री पोलादाच्या प्लांटमधून वितळलेला स्लॅग, म्हणजे लोखंडाची मळी, डम्पवर ओतायचे, की अर्धं आभाळ नारिंगी व्हायचं. अंगणात वाळत घातलेले कपडे दिसायचे, शेजारच्या काकूंचा चेहरा दिसायचा. चंद्रही असायचा आणि नारिंगी आभाळही असायचं. आम्हाला वाटायचं, जगात सगळीकडेच असं असतं. भंडाऱ्याकडे, बाबांच्या गावी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथली काळीमिट्ट रात्र बघून मी रडले होते म्हणे.

तो अंक मी भाड्याने आणला होता. बाबा ब्लास्ट फर्नेसमधून ड्यूटी करून आले होते आणि जेवत होते. मी पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी भाताचा घास हातातच ठेवून पाहिलं आणि म्हणाले, "हे तं आपलं स्लॅग डम्प आहे न." आणि घास खाल्ला.

झालं. बाबांनी सांगितलं म्हणजे पक्कं. दुसऱ्या दिवशी पूर्ण लाइनीत बातमी. आपलावाला प्लांटचा आहे. म्हणूनच त्याचा हात जळत नाही.

लाइनीत अंक एकच यायचा आणि वाचणारे पुष्कळ. म्हणून आमची पद्धत अशी होती, की कोणी आधी उघडून पाहायचं नाही. सगळे क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसायचे आणि एकाने मोठ्याने वाचायचं. वाचायला बहुतेक मी असायचे. आवाज खणखणीत होता आणि अडखळत नव्हते. मराठी घरातली असून माझी हिंदी चांगली, याचा मला तेव्हापासून ताठा आहे. तो अजून गेला नाही.

हीच पद्धत आम्ही अजून पाळतो. त्या वेळचे जे भिलाईत उरले त्यांचा एक ग्रुप आहे. कोणी क्रेन चालवतं, कोणी बँकेत आहे, एकाचं मेडिकल आहे. माझ्यामुळे माझा नवरा पण त्यातच. तो जवळच्या चरोद्याचा, रेल्वेवाल्यांच्या घरातला, आणि त्याचं म्हणणं लग्नाच्या आधीपासून एकच: आपलावाला प्लांटचा नाही, रेल्वेचा आहे. चरोद्याच्या यार्डात रात्रभर उंच खांबांवर पिवळे दिवे जळतात, तिथेही रात्र काळी नसतेच. "तुह्या स्लॅगचा उजेड येते अन जाते," तो म्हणतो. "आमचा यार्ड रात्रभर चालू राह्यते. सांग बरं आता." आमच्या घरात मिठावरून भांडण झालेलं नाही, यावरून झालेलं आहे.

तर अशा लोकांसाठी कॉमिक्सच्या कंपनीने जाहीर केलं, की त्याची जन्मकथा येते आहे. इतक्या वर्षांनी. जाड कागद, रंगीत, मोठी किंमत. ग्रुपने मिळून मागवली. शनिवारी संध्याकाळी सिव्हिक सेंटरच्या चहाच्या टपरीवर सगळे जमले. पाकीट कोणीही फोडलं नव्हतं. क्रेनवाल्याने ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "चलो दीदी, आज फैसला हो जाए. प्लांट या रेलवे."

आमची मुलगीही आली होती. ती आमच्यात बसली नाही. स्कूटीवर आडवी बसून ऐकत होती.

मी वाचत गेले. महाल. राजा. शंभर पिढ्यांपासून अग्नीची राखण करणारं घराणं. शत्रूने महालाला आग लावली, तिथे मी थांबले होते ते सांगितलंच. सगळे मेले, एक बाळ वाचलं, कारण त्याच्या रक्तात अग्नी होता. आणि शेवटच्या पानावर मोठा झालेला तो, गच्चीवर, म्हणतो: जिथे रात्र काळी नसते तिथला मी. कारण त्या रात्री माझ्या पित्याचा महाल जळत होता.

वाचून झालं. चहा ओतल्याचा आवाज तेवढा येत होता.

मग क्रेनवाला म्हणाला, "अबे यार. राजा का लड़का?"

"सब राजा के ही लड़के होते हैं," बँकवाला म्हणाला. "हम ही गधे थे."

"तीस साल से मैं सबको बोल रहा हूँ कि सेक्टर दो का है. मेरी बीवी हँसेगी अब."

"अभी नहीं हँसती क्या?"

सगळे हसले. माझा नवरा म्हणाला, "चला, तुमचाबी नाही अन आमचाबी नाही. बरोबरी झाली." आणि माझ्याकडे बघून चहाचे पैसे द्यायला उठला. मी हसत नव्हते हे त्याने पाहिलं असेल.

मी सरळच सांगते. मला नुसतं वाईट वाटलं नाही, माझी अडचण झाली. मी नेहरू नगरच्या एका कोचिंगमध्ये केमिस्ट्री शिकवते. आमच्या दोन्ही घरांत, मामाकडे, काकाकडे, कोणीही कॉलेज पाहिलं नव्हतं. मी पाहिलं. दुर्गच्या कॉलेजात बी.एस्सी. केली, मग एम.एस्सी. केली. हे मी लाजत सांगत नाही, जोरात सांगते. आणि दर वर्षी नवीन बॅचच्या पहिल्या दिवशी मी फळ्यावर खडूने त्याचा मुखवटा काढते आणि पोरांना हिंदीत विचारते: याचा बाप कोण? कोणालाच माहीत नाही. याच्या मागे कोणी आहे का? कोणी नाही. तरी हा नायक आहे. आता पुस्तक उघडा.

पोरांना ते आवडतं. बाहेर भेटलेले जुने विद्यार्थी केमिस्ट्री विसरलेले असतात, मुखवटा विसरलेले नसतात.

सोमवारी नवीन बॅच सुरू व्हायची होती. आणि त्या बॅचमध्ये माझी मुलगी बसणार होती. बारावीनंतर तिची इंजिनीअरिंगची परीक्षा एकदा गेली, मग एक वर्ष घरी बसून पुन्हा दिली, पुन्हा गेली. मी ठरवलं होतं, अजून एक वर्ष. यंदा माझ्या डोळ्यासमोर, पहिल्या बाकावर.

घरी आलो. गर्मी अशी, की भिंतीला हात लावला तर चटका बसे. मी कूलरमध्ये पाणी भरलं. नवरा अंघोळीला गेला. मुलगी तो अंक घेऊन पलंगावर पडली आणि पुन्हा पहिल्यापासून पाहायला लागली. वाचत नव्हती, चित्रं पाहत होती. बोट ठेवून ठेवून.

"काय आहे त्याच्यात एवढं?" मी म्हटलं. "घाण करून ठेवली पूर्ण."

"मले आवडली."

"काय आवडलं?"

"स्टोरी. मस्त आहे. तू जास्तच मनावर घेऊन राहिली, आई."

"राजाचा पोरगा झाला तो! रक्तातच होतं म्हणे. मग त्याने काय केलं स्वतः? काहीच नाही. आयतं मिळालं."

ती उठून बसली. "हो न. आयतं मिळालं. त्याने मागितलं होतं का पण? अग्नीची राखण कर म्हणून जन्मल्याबरोबर ठरलं. त्याला कोणी विचारलं नाही, बाबा, तुला काय पाहिजे. तुझ्यावाल्याचं सोपं होतं."

"कोणाचं सोपं होतं?"

"तुझ्यावाल्याचं. ज्याच्या मागं कोणी नाही त्याचं. तो हारला असता तरी कोणाचं नाक कापलं गेलं नसतं. जिंकला तर मग काय, टाळ्या." तिने अंक मिटून बाजूला ठेवला. "माझ्या मागं तू आहे न."

"मागं असणं गुन्हा आहे का?"

"गुन्हा आहे असं नाही म्हणून राहिली मी. वजन आहे."

आता ही पोरगी कधी एवढं बोलत नाही. मराठीत तर नाहीच, दोन वाक्यांनंतर हिंदीवर जाते. मला राग आला. आम्ही कूलर न लावता शिकलो, सायकलवर शिकलो, वगैरे जे काही बोलायचं ते मी बोलले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सायकल आबा चालवत होते न? तू तर मागे बसत होती. मग तुझ्या मागं कोणी नव्हतं कसं? समोर होते फक्त."

बाबा, म्हणजे तिचे आबा, मला सेक्टर दोनहून दुर्गच्या बसपर्यंत सोडायचे, हे मीच तिला सांगितलेलं. माझंच सामान माझ्यावर फेकून मारलं.

"आणि सोमवारी मी येऊन नाही राहिली," ती म्हणाली. "गुरुवारी खैरागडला टेस्ट आहे. ड्रॉइंगची. मी देणार. हो गया तो हो गया, नहीं तो बाद में देखेंगे."

नवरा टॉवेल गुंडाळून दारात उभा होता. मी त्याला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"मले आजच सांगितलं."

"अन मले कावून नाही सांगितलं?"

"तू वाचून राहिली होती न," तो म्हणाला, आणि कपडे घालायला आत पळाला.

मी कूलरमध्ये पाणी भरायला गेले. टाकी भरलेलीच होती. पाणी फरशीवर वाहून गेलं.

रविवार कसा काढला, मलाच माहीत. एका जागी बसवत नव्हतं. मसाल्याचे डबे पुसले, जे पुसलेलेच होते. गेटपर्यंत गेले, हायवेवरचे ट्रक पाहिले, परत आले. मुलगी तिच्या खोलीत पेन्सिलींना टोक करत होती, तो किरकिर आवाज मला पूर्ण घरात ऐकू येत होता. खैरागडच्या कला विद्यापीठात पोरं गाणं शिकायला, चित्रं काढायला जातात हे मला माहीत होतं. छत्तीसगडात राहून कोणाला माहीत नाही? पण ती लोकांची पोरं. पुढे काय करतात, कुठे लागतात, काही माहीत नव्हतं. कोणाला विचारावं तेही माहीत नव्हतं. माझ्या ओळखीत इंजिनीअर आहेत, नर्स आहेत, पटवारी आहेत. चित्र काढून पोट भरणारा एकही नाही.

शेवटी फोन घेऊन बसले. कंपनीच्या पानावर त्या जन्मकथेखाली लोकांनी लिहिलेलं वाचायला लागले. शिव्या तर होत्याच. बचपन बर्बाद कर दिया. पैसे वापस करो. एकाने लिहिलं होतं, की शंभर पिढ्यांच्या राजाला साधा बंब ठेवता आला नाही का? त्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

मग एक दिसलं. झरियाचा कोणी माणूस. त्याने लिहिलं होतं: आमच्याकडे जमिनीखाली कोळसा जळतो, रात्री भेगांतून लाल दिसतं. आम्हाला लहानपणापासून माहीत होतं की तो झरियाचा आहे. हा राजा मध्येच कुठून आणला?

मी मनात म्हटलं, झरियाचा? हा कोण शहाणा?

खाली राउरकेल्याची एक बाई. त्यांच्याकडेही प्लांट, त्यांच्याकडेही स्लॅग. मग आसामातला एक, तेलाच्या विहिरीजवळ राहणारा, जिथे गॅसची ज्योत रात्रंदिवस जळते. त्याने लिहिलं, माझ्या वडिलांनी चित्र बघून सांगितलं होतं, हे आपल्या गावचं आहे. मग कोणी वीटभट्टीवरचा. त्याने फार लिहिलं नव्हतं. तो मेरा था, एवढंच.

मी वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. आधी मला चीड आली, खरं सांगते. इतकी वर्षं आम्ही ज्याला आपलावाला म्हणत होतो, त्याला हे सगळे आपापल्या ठिकाणी तेच म्हणत होते. आणि प्रत्येकाकडे एक बाप होता. थकून आलेला, जेवत असलेला. त्याने एका नजरेत नारिंगी रंग पाहिला असेल आणि सांगून टाकलं असेल. बाबांनी तरी कुठे नीट पाहिलं होतं? एकाने लिहिलं होतं, की पहिल्याच अंकात चंद्राच्या खाली, कोपऱ्यात महालाचा एक घुमट होता. मी कपाटातून तो जुना अंक, पुढे रद्दीवाल्याकडून विकत घेतलेला, काढून पाहिला. घुमट आहे. छोटा आहे, पण आहे. मी इतक्या वेळा वाचून तो कधी पाहिला नाही. आमच्या डोक्यात डम्प होता, मग घुमट कोणाला दिसणार?

नवऱ्याला दाखवलं. त्याने झरियापासून आसामपर्यंत सगळं वाचलं आणि म्हणाला, "घ्या. याचे बाप तं गावोगावी निघाले." थोड्या वेळाने म्हणाला, "माह्या बाबानंबी असंच सांगतलं होतं मले. यार्डात, डबा खाता खाता."

हे त्याने मला लग्नाच्या इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. मी समजत होते, मला चिडवायलाच तो यार्ड यार्ड करतो.

सोमवारी मी क्लासवर गेले. पहिला बाक भरलेला होता, कोणी दुसरीच मुलगी बसली होती. हात सवयीने खडूकडे गेला. मुखवट्याची वरची रेघ काढली आणि मागून एक आवाज आला, "मैडम, वो तो प्रिंस निकला!" सगळी पोरं खळखळून हसली. त्यांनी वाचलं होतं, किंवा कुठेतरी रील पाहिली होती. इतकी वर्षं जे भाषण मला पाठ आहे, त्याचं पहिलं वाक्यच आठवेना. याचा बाप कोण? सांगा मॅडम, याचा बाप कोण.

मी रेघ पुसली. "हाँ, निकला," मी म्हटलं. "मुझे पसंद नहीं आया. किताब खोलो."

त्यांना वाटलं, मॅडमचा मूड खराब आहे. बरोबरच वाटलं.

घरी जाऊन मी मुलीला विचारलं, "खैरागडची बस दुर्गहून किती वाजता असते?"

"मी जाईन न एकटी."

"तुला एकटीला नाही सोडत मी. अन हे नको समजू का मी हो म्हटलं. आधी पाहू दे मले."

"क्या देखोगी आप?"

ते मलाही माहीत नव्हतं.

गुरुवारी गेलो. पूर्ण रस्ता मी तिला विचारत होते, रबर घेतलं का, पाण्याची बाटली घेतली का, काय काढायला देतात, मार्क कशाचे असतात. ती खिडकीतून बाहेर बघत "माहीत नाही, आई" म्हणत होती. ती आत गेली आणि मी बाहेर बाकीच्या आईबापांत उभी राहिले. कोणत्याही परीक्षेबाहेर मला उभं राहता येतं. सतरा जण येऊन विचारतात, मॅडम, पेपर कसा असतो, कटऑफ कुठे जाईल. मी सांगते. चुकत नाही.

तिथेही एक जण आला. राजनांदगावकडचा, पोराला घेऊन आलेला, बहुतेक शेतकरी. मी पर्स खांद्याला लावून उभी, म्हणून त्याला वाटलं असेल की बाईला ठाऊक आहे. त्याने विचारलं, "मैडम, अंदर क्या बनवाते हैं? मेरा लड़का पहली बार आया है."

"पता नहीं, भैया," मी म्हटलं. "हमारे घर में भी पहली बार है."

हे बोलून झाल्यावर मी जरा उभीच राहिले. आमच्या घरात पहिली, हे वाक्य आजपर्यंत फक्त माझ्याबद्दल होतं. तिच्या मागे मी होते, हे खरं. पण मला काहीच येत नव्हतं. बाबांनाही केमिस्ट्री येत नव्हती. ते बस निघेपर्यंत स्टॉपवर सायकल धरून उभे राहायचे आणि मला वाटायचं, जात का नाहीत हे, ड्यूटीला उशीर होईल न.

मुलगी बाहेर आली तेव्हा बोटं, मनगट, हनुवटी, सगळीकडे कोळशाच्या पेन्सिलीचा काळा रंग. मी रुमाल पुढे केला. तिने तो घेतला आणि तो काळा करून परत दिला.

"कसं गेलं?"

"माहीत नाही."

"चांगलं की वाईट, एवढं तं समजलं असेल."

"नाही न समजत, आई. सांगणार कोण? बघू."

बस स्टँडवर आलो. बस यायची होती. ती बाकड्यावर पाय वर घेऊन बसली आणि समोशाचा तुकडा तोडून फुंकायला लागली. मला बसवत नव्हतं. मी रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, पाहिलं, परत आले. पुन्हा गेले.

"बस न, आई. किती फिरून राहिली."

"बस कावून नाही आली अजून?"

"तू फिरल्यानं येते का ती?"

"येते," मी म्हटलं, आणि पुन्हा टोकापर्यंत पाहायला गेले.